शकुनची गाठ

पोळ्या वेड्यावाकड्या यायला लागल्या तेव्हा पहिली तक्रार देवस्थळींकडून आली. तक्रार म्हणजे थट्टाच. चंद्रकांत देवस्थळी बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बदलीवर कोलकात्याला आलेले. तिथल्या बेहाला भागात बँकेने दिलेल्या फ्लॅटमध्ये राहायचे. मनोहर डबा द्यायला गेला तर दार त्यांनीच उघडलं.

"काय मनोहर, काल पोळीच्या जागी राजस्थानचा नकाशा आला होता. आज कुठलं राज्य?"

मनोहर हसला. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, एवढं तो डब्यांच्या धंद्यात शिकला होता.

तो मूळचा पारोळ्याचा. वेल्डर होता. कोलकात्याजवळ बजबज गावी तेलाच्या टाक्यांमध्ये पाइपलाइनचं काम निघालं तेव्हा ठेकेदाराने त्याला आणलं. काम संपलं, ठेकेदार पसार झाला, आणि मनोहर बायको-मुलीला घेऊन इथेच अडकला. गावी परत जाऊन तरी काय करायचं होतं? बेहालातल्या मराठी लोकांना पोळी-भाजी मिळत नाही असं कोणीतरी म्हणालं, आणि शकुनने पोळपाट मांडला. तेव्हापासून ती लाटायची आणि तो पोचवायचा.

बजबजच्या टोकाला त्यांची भाड्याची खोली होती. वर पत्रा, मागे तळं. श्रावण संपत आला तरी अंगणातलं पाणी ओसरत नव्हतं. कपडे वाळत नव्हते, पिठाला वास यायचा, काडी पेटायची नाही. तो परतला तेव्हा शकुन दारात बसून डबे घासत होती. डाव्या हाताने.

"देवस्थळी म्हणत होते, राजस्थान आला."

"म्हणू देत. हात वर होत नाही माझा." ती घासता घासता थांबली. यामिनी, त्यांची मुलगी, आत अभ्यास करत होती. शकुनने आवाज खाली आणला. "आणि काखेत गाठ आलीय. अंघोळीला हाताला लागली."

"केवढी?"

"हरभऱ्याएवढी."

"कधीपासून?"

"परवा. आधी असली तर मला माहीत नाही."

"उद्या दाखवू."

"उद्या गव्हाचं दळण आणायचंय."

"दळणाचं मी बघतो. उद्या दाखवायचं."

दुसऱ्या दिवशी डबे पोचवून तो लवकर परतला आणि तिला स्टेशनरोडवर घेऊन गेला. औषधांच्या दुकानामागे पडदा लावून डॉक्टरबाबू बसायचे. त्यांच्या नावापुढची अक्षरं कुठल्या विद्येची होती हे त्या भागात कोणी विचारलं नव्हतं. ताप, जुलाब, विंचू, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, सगळं तेच बघायचे. यामिनीला बरोबर न्यावं असं मनोहरच्या मनात आलं होतं, तिचं बंगाली पक्कं होतं. पण शकुन नको म्हणाली. पोरीसमोर असलं काय सांगायचं?

बाकावर माणसं खेटून बसली होती. त्यांचा नंबर आला तेव्हा पडदाही धड लागेना. शकुनने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

"की होयेछे?"

मनोहर म्हणाला, "डॉक्टरबाबू, गाठ है. इसको. हात में दुखता है."

"गाँट? गाँटे ब्यथा?"

"हाँ, हाँ. गाठ."

"कोथाय? काँधे?"

शकुनने खांद्याकडे हात नेला. काखेपर्यंत न्यायला हवा होता. पण बाकावरचा म्हातारा उघड्या पडद्यातून बघत होता, तेव्हा हात खांद्यावरच थांबला. डॉक्टरबाबूंनी तो खांदा धरून मागेपुढे फिरवला. ती कळवळली.

"काम की? रुटी बनाता है?"

"बहुत," मनोहर म्हणाला. "पूरा बेहाला खाता है."

डॉक्टरबाबू मोठ्याने हसले. बाकावरचेही हसले. "तोबे आर की! एतो रुटी बेलोगे तो गाँटे ब्यथा होबेइ. सबका होता है. हमारा बौ का भी है." त्यांनी गोळ्या लिहिल्या, चोळायला मलम दिलं, गार पाण्यात हात घालू नको म्हणाले.

बाहेर आल्यावर मनोहरला हायसं वाटलं. इतक्या वर्षांत इथल्या माणसाला आपला एक तरी शब्द न अडखळता कळला. गाठ म्हटलं, गाठ समजला. घाबरण्यासारखं काही नाही, सगळ्यांना होते, माझ्या बायकोलाही आहे म्हणाला. त्याने वाटेत शकुनला मोसंबीचा रस पाजला. ती म्हणाली, "गार पाण्यात हात न घालता डबे कसे घासायचे, तेही विचारायचं होतं."

गोळ्यांनी दुखणं कमी व्हायचं. लाटून व्हायचं तोवर गोळी पुरायची. गाठ मात्र होती तिथेच राहिली, मग वाढली. भाद्रपदात ते पुन्हा गेले. डॉक्टरबाबूंनी खांदा पुन्हा फिरवला, "गाँट फुले गेछे," म्हणाले, आणि जास्त ताकदीची गोळी दिली. फुगलीय हे त्यांनी न बघता ओळखलं, याचं दोघांना कौतुक वाटलं.

दुर्गापूजेच्या आधी एके दिवशी चंद्रकांत देवस्थळींनी दार उघडलं आणि थट्टा केली नाही.

"मनोहर, आपला डबा काही दिवस बंद ठेवा. मुंबईला चाललोय. निर्मलाचं जरा निघालंय."

बँकेतर्फे दरवर्षी नवराबायकोची तपासणी व्हायची. यंदाच्या तपासणीत त्यांच्या बायकोच्या छातीच्या फोटोत एक ठिपका दिसला होता. हाताला लागत नव्हता, दुखत नव्हता. मशीनलाच दिसला. त्याच आठवड्यात विमानाने दोघं गेली. पूजा झाली, कोजागरी झाली, दिवाळी झाली, तेव्हा परत आली.

"आता आहेत कशा?" शकुनने विचारलं.

"बऱ्या आहेत. वेळेत सापडलं म्हणे."

"मी येते डबा द्यायला. बघून येते त्यांना."

"हात असा असताना गाडीत कुठे धक्के खातेस?"

"दुसऱ्या हाताने धरीन."

तिने मऊ भात केला, लसणाशिवाय वरण केलं, आणि बेहालाजवळच्या माझेरहाट स्टेशनपर्यंत लोकलमध्ये उभी राहून आली. निर्मलाताई पलंगावर बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, पण चेहऱ्यावर रंग होता. मनोहर बाहेरच्या खोलीत डबे उतरवत होता. आतलं बोलणं त्याला ऐकू येत होतं.

"केवढी होती हो ताई?"

"अगं, तांदळाच्या दाण्याएवढी. मला तर कळलंसुद्धा नव्हतं. तू का हात असा धरलायस?"

"मला पण गाठ आहे ना. काखेत."

आत पलंग करकरला.

"इकडे ये. दार लाव. दाखव मला."

दार लागलं. उघडलं तेव्हा निर्मलाताई उभ्या होत्या, आणि चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

"मनोहर, हिला कोणाला दाखवलंय की नाही?"

"दाखवलं की वहिनी. श्रावणातच. डॉक्टरबाबू म्हणाले, गाठच आहे."

"आणि केलं काय?"

"गोळ्या दिल्या. मलम दिलं."

"गाठीला मलम?" त्या पलंगावर बसल्या. "अहो, कसला डॉक्टर हा?"

घरी येऊन त्याने यामिनीसमोर सगळं सांगितलं तेव्हा उलगडा झाला. पोरीने दोन वेळा विचारलं, तुम्ही काय शब्द बोललात? मग ती रडायलाच लागली.

"बाबा, गाँट म्हणजे हाडाचा सांधा! गुडघा, कोपर, असं. गाँटे ब्यथा म्हणजे सांधे दुखतात. तुम्ही टिउमार बोलायला हवं होतं. आई, तू मला का नाही बोलली?"

"तुला काय सांगायचं असलं," शकुन म्हणाली. तिच्या आवाजात अजून लाजच होती.

मनोहर तसाच उठून स्टेशनरोडवर गेला. डॉक्टरबाबूंनी त्याचं ऐकून घेतलं. ते ओरडले नाहीत, घाबरले नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "किंतु दादा, तुमि तो गाँट-इ बोलेछो," ते म्हणाले. तूच तर गाँट म्हणालास. मनोहर पडद्याबाहेर आला. तो तेच म्हणाला होता.

निर्मलाताईंनी एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलचं नाव दिलं होतं. तिथे काचेच्या दारात एका मुलीने हसून नमस्कार केला, इन्शुरन्स कुठला विचारलं, आणि नाही म्हटल्यावर खर्चाचा अंदाज छापून हातात दिला. मनोहरने तो वाचून त्याची घडी घातली आणि शकुनला म्हणाला, "हे लोक बंगालीच बोलतात, चल." ती काही न विचारता उठली.

मग सरकारी हॉस्पिटल. तिथे उजाडायच्या आत रांग लागायची. फुटपाथवर प्लॅस्टिक अंथरून माणसं राहत होती. झारखंडची, मुर्शिदाबादची, आसामकडची. कोणाचा जबडा बांधलेला, कोणाच्या पोटातून नळी. बायका तिथेच विटा मांडून भात शिजवायच्या आणि आत नंबर पुकारला की भात तसाच टाकून पळायच्या. शकुन पहिल्या दिवशी त्यांच्याकडे बघून म्हणाली, "आपलं घर तरी जवळ आहे हो." नंतर पुन्हा कधी ती असं म्हणाली नाही.

या दरवाजातून त्या दरवाजात पाठवायचे. सुई घालून तुकडा काढला, त्याचा रिपोर्ट यायला वेळ लागला. तो घेऊन गेले तर मशीनची तारीख मिळाली. त्या दिवशी गेले तर मशीन बंद होतं. कोणी मुद्दाम वाईट वागत नव्हतं. माणसंच इतकी होती की डॉक्टर मान वर करायचा तोवर पुढचा पेशंट स्टुलावर बसलेला असायचा.

एका तरुण डॉक्टरने शेवटी सगळे कागद एकत्र बघितले. शकुनला पडद्याआड तपासलं. हात धूत धूत तो म्हणाला, "इतना देर क्यों किया?"

"देर नहीं किया, साहब," मनोहर म्हणाला. "पहले ही हफ्ते में गया था."

"सब यही बोलता है." त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. मग नाव वाचून त्याला गंमत वाटली. "महाराष्ट्र का है? अरे, इधर का लोग सब इलाज के लिए मुंबई भागता है. और तुम मुंबई छोड़के इधर बैठा है?"

ट्रेमध्ये सुया मांडणारी नर्सही हसली. मनोहरही सवयीने हसला, आणि त्या हसण्याची त्याला घरी जाईपर्यंत शिसारी येत राहिली.

त्याने पारोळ्याला भावाला फोन लावला. सुरेश चौकशी करून दोन दिवसांनी बोलला.

"दादा, इकडे योजनेत फुकट होतं सगळं. पण रेशनकार्ड इकडचं लागतं. तुझं नि वहिनीचं नाव आपल्या कार्डातून कमी झालंय."

"कोणी केलं?"

"तूच नाही का सांगितलं? तिकडे कार्ड काढायचं म्हणून दाखला नेला होतास."

"इथे कुठे मिळालं अजून. बाहेरचे लोक म्हणतात इथे आम्हाला."

"मग आता?"

"आता काय," मनोहर म्हणाला, "आता ना इकडचे, ना तिकडचे."

पौषात औषध चढवायला सुरुवात झाली. दर खेपेला आदल्या दिवशी रक्त तपासायचं, आणि रक्त कमी भरलं की पुढची तारीख घ्यायची. शकुनचं रक्त कमीच भरायचं. यामिनी कॉलेज बुडवून आईबरोबर बसायची, कारण डबे थांबवून चालणार नव्हतं. पोळ्या आता मनोहर लाटत होता. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी डागलेले त्याचे हात, त्यांत लाटणं बसेना. कणीक एकदा दगड व्हायची, एकदा चिखल. शकुन भिंतीला टेकून उशीवर उजवा हात ठेवून बसायची. तो हात सुजून दंडापासून बोटांपर्यंत सारखा झाला होता. बांगड्या कापून काढाव्या लागल्या होत्या.

"पाणी कमी. अहो, पाणी कमी घाला म्हटलं ना."

"कमीच घातलंय."

"मग पिठाला विचारा, ते एवढं का भिजलंय." ती तव्याकडे बघायची. "हा कुठला देश?"

"गप बस."

"देवस्थळींना सांगा, बायको राज्यं द्यायची, आता नवरा खंड पाठवतो."

ती हसायची आणि हसताना खोकला यायचा. खोकला नवीन होता. मनोहरला ते कळलं होतं, तिलाही कळलं होतं.

शेजारची लीनादी तळ्याच्या पलीकडे राहायची. गोणपाट शिवायची, जूट मिलमध्ये बदली कामगार म्हणून जायची. दुपारी येऊन ती शकुनचं अंग पुसायची, तेल लावायची. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच यायची, पण बोलणं कधी थांबायचं नाही. एकदा लीनादीने स्वतःच्या ब्लाउजवर हात ठेवून शकुनला काहीतरी विचारलं. शकुनने मनोहरला बाहेर जायला सांगितलं. तो गेला. नंतर शकुन म्हणाली, "तिला पण काहीतरी लागतंय म्हणते. वस्तीत अजून दोघी आहेत. त्यांना मोठ्या हॉस्पिटलात न्या."

"नेईन."

"डॉक्टरबाबूकडे नको."

"नाही नेत."

लीनादी मोठ्या हॉस्पिटलात एकदा गेली. दिवसभराची हजेरी बुडाली आणि नंबर लागला नाही. पुन्हा ती गेली नाही.

चैत्रात औषध बंद केलं. आता घरीच ठेवा, म्हणाले. पत्रा तापायचा. मनोहर पोती भिजवून वर टाकायचा, ती तासाभरात कडक व्हायची. एका दुपारी तो तिला पाणी पाजत होता. पाणी गळ्याखाली उतरत नव्हतं. ती म्हणाली, "निर्मलाताईंची दाण्याएवढी होती ना?"

"हो."

"माझी पण होती की हो एवढीशी. मी तेव्हाच गेले होते."

"हो. तू तेव्हाच गेली होतीस."

"त्यांच्या आधी गेले होते."

"आधी."

ती वैशाखात गेली. देवस्थळी दोघंही आली होती. निर्मलाताईंच्या डोक्यावर बारीक केस उगवले होते. त्या यामिनीला कवेत घेऊन मनापासून रडल्या, आणि मनोहरला कळेना की त्याला त्यांचा राग का यावा.

डबे दहाव्यानंतर पुन्हा सुरू झाले. पावसाळा आला, तळं पुन्हा अंगणात शिरलं. पोळ्या आता गोल येत होत्या, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. एक दिवस चंद्रकांतांनी त्याला आत बोलावून खुर्चीवर बसवलं. मराठी मंडळाचे ते सचिव होते.

"मनोहर, मंडळातर्फे कॅन्सरचं शिबिर घेतोय. एक कंपनी मशीनची गाडीच देतेय, सभागृहाच्या आवारात उभी राहील. निर्मलाचा सत्कारही आहे, बरी झाली म्हणून. चहा-नाश्ता तुमच्याकडून घेऊ."

"घ्या की."

"अजून एक होतं." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बॅनर करतोय मोठा. एका बाजूला निर्मलाचा फोटो. वेळेत तपासलं, जीव वाचला. दुसऱ्या बाजूला शकुनचा द्यावा असं वाटतं. तुमची परवानगी असेल तर."

"तिच्या खाली काय लिहिणार?"

"उशीर झाला, असं काहीतरी. बायकांच्या मनावर ठसलं पाहिजे."

"उशीर आम्ही केला नव्हता, साहेब."

"तसं नाही म्हणत मी."

"पहिल्याच आठवड्यात गेलो होतो. वहिनींच्या तपासणीच्या आधी. गाठ आहे म्हणून सांगितलं होतं. आमच्या बोलीत सांगितलं, त्यांनी त्यांच्या बोलीत ऐकलं. मग हॉस्पिटलात गेलो तर तारखा. ते लिहा."

चंद्रकांत खरोखर हळहळले. "अहो, पण एवढं सगळं बॅनरवर मावतं का?"

मनोहर उठायला लागला.

"चार बायका वाचतील मनोहर. तिच्याकडे बघून चार जणी तपासणीला आल्या, तर तिलाही बरंच वाटेल ना?"

मनोहरला लीनादी आठवली. शकुनने सांगितलेल्या दुसऱ्या दोघी आठवल्या. नेईन म्हणाला होता तो.

"चार बायका वाचतील ना नक्की?"

"नक्की."

"मग देतो फोटो."

यामिनी त्याच्यावर भडकली. "आईचा फोटो लावणार? लेट केला म्हणून? बाबा, मिथ्या कथा आहे ती!"

"खोटं आहे, मला माहितीय."

"तर मग?"

"लीनादीचं काम होईल त्यात."

शिबिर रविवारी होतं. मनोहर पहाटेच गेला. साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं, पुरीभाजी, चहाचे थर्मास, सगळं सभागृहात लावलं. बॅनर दारावरच ताणून बांधला होता. उजवीकडे निर्मलाताई, हसऱ्या. खाली हिरव्या अक्षरांत 'वेळेत तपासणी, जीवनाचा विजय'. डावीकडे शकुन. यामिनीच्या बारशातला फोटो होता, त्यातून तिला एकटीला कापून घेतलं होतं. खाली लाल अक्षरांत 'यांनी उशीर केला. तुम्ही करू नका.'

झाला, म्हणाले होते. केला, लिहिलं होतं.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मग आत जाऊन पुऱ्या तळायला लागला. चार बायका, तो स्वतःला सांगत होता.

दिवा लागला, भाषणं झाली. निर्मलाताईंना शाल दिली. जिद्द हवी, एक वक्ते म्हणाले, जिद्द असली की माणूस या रोगाला हरवतो. टाळ्या झाल्या. मनोहर टाळ्यांमधून पुऱ्या वाढत फिरला. आवारात मशीनची पांढरी गाडी उभी होती. बायका एकेक करून आत जाऊन येत होत्या, आणि मधेमधे गाडी रिकामीच राहत होती. पुष्कळशा जणींची तपासणी त्यांच्या ऑफिसातून याच वर्षी झालेली होती. गाडीतली मुलगी पायरीवर बसून मोबाइल बघत होती. मनोहरने तिला दोनदा चहा नेऊन दिला.

दुपारी लीनादी आली, दुसऱ्या दोघींना घेऊन. ठेवणीतल्या साड्या नेसून, पावडर लावून आल्या होत्या. फाटकावरच्या माणसाने त्यांना थांबवलं. मनोहर धावत गेला.

"माझ्याबरोबर आहेत."

"सभासद आहेत का?"

चंद्रकांत आले. त्यांनी बायकांना नमस्कार केला आणि मनोहरला बाजूला घेतलं.

"मनोहर, आधी सांगायचं नाही का? नोंदणी सभासदांच्या घरच्यांची आहे."

"गाडी रिकामी आहे, साहेब. ती मुलगी बसून आहे."

"प्रश्न गाडीचा नाही." ते मराठीतच बोलत होते, म्हणजे बायकांना कळू नये. "समजा यांच्यात काही निघालं, तर? पुढचं कोण करणार? ऑपरेशन, औषधं? आपल्या बायकांच्या मागे बँक आहे, कंपनी आहे. यांना काय सांगायचं? निघालंय, आता घरी जा? मंडळाच्या गळ्यात येईल ते."

मनोहरने रिकाम्या गाडीकडे बघितलं.  चंद्रकांत खोटं बोलत नव्हते.

शाल अंगावर तशीच घेऊन निर्मलाताई बाहेर आल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. "अहो, माझ्या जागी एकीला घ्या ना."

"तुझी जागाच नाही इथे," चंद्रकांत म्हणाले. "तुझं सगळं मुंबईला असतं. तुझी नोंदणी कुठे केलीय आपण?"

 निर्मलाताईंनी शालीचं टोक मुठीत धरलं आणि खाली बघितलं.

मनोहर आत गेला. कांदे चिरायची सुरी घेतली, प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, आणि दारात ठेवून तिच्यावर चढला. फ्लेक्स जाड होतं. त्याने सुरी शकुनच्या पदराजवळ खुपसली आणि सावकाश, कडेकडेने, केसांच्या वरून, कानाजवळून, खांद्याखालून फिरवत आणली. गालाला लागू दिली नाही.

"मनोहर! अहो, काय करताय? मंडळाचा बॅनर आहे तो!"

तुकडा सुटून हातात आला. बॅनरला माणसाच्या आकाराचं भोक पडलं, आणि त्यातून सभागृहातली हार घातलेली समई आणि खिचडी खाणारी माणसं दिसायला लागली. भोकाखाली लाल अक्षरं तशीच होती.

तो खाली उतरला. खुर्ची पुसून जागेवर ठेवली. फोटो गुंडाळून काखेत धरला आणि फाटकाकडे चालू लागला. लीनादीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तपासणी होणार नाही का, ते तिने दोनच शब्दांत विचारलं.

"होबे ना?"

"ना," मनोहर म्हणाला.

तिघींनी पदर खोचले. बसस्टॉप लांब होता आणि ऊन वर आलं होतं.